लहान जीव, मोठा जनुकसंच

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, अशी अपेक्षा असते. होळकरांच्या काळापासून या इंदूर नगरीत नांदत आलेल्या मराठी कुटुंबांनी ही शाळा कशी उभी केली, पहिला वर्ग कोणाच्या ओसरीवर भरला, हे सारे या स्मरणिकेत माझ्यापेक्षा अधिकारी व्यक्तींनी लिहिले आहे. त्याची पुनरुक्ती मी करणार नाही. आज मी आपल्याला तलावाच्या पाण्यातील काही अतिसूक्ष्म प्राण्यांविषयी सांगणार आहे. मी मराठी विषयाची एम. ए.; जीवशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही हा विषय मी का निवडला, याचे कारण माझ्या एका चुकीत आहे. आरंभी ती चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी आपल्या विज्ञानाच्या शिक्षिका दीर्घ रजेवर गेल्या. बदली शिक्षक मिळेना, म्हणून दहावीचा आनुवंशिकतेचा पाठ मी घेऊ लागले. पुढेही अडचण आली की तो पाठ माझ्याकडेच येई. पेशी, केंद्रक, गुणसूत्रे, डीएनए हे सारे मी मन लावून वाचले आणि शिकवले. मात्र शिकवताना एक वाक्य मी माझ्या पदरचे घातले. मी म्हणाले, ‘जीव जितका प्रगत, तितका त्याच्या पेशीतील डीएनए अधिक.’ वाक्य ऐकायला नीटनेटके होते, फळ्यावर शोभत होते. तीन वर्षे, तीन तुकड्यांना मी ते सांगितले. कोणीही हरकत घेतली नाही. चौथ्या वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, मग कांद्यात आपल्यापेक्षा जास्त डीएनए कसा? मी वाचलंय.”

मी तिला काय उत्तर दिले, ते सांगताना आजही संकोच वाटतो. मी म्हणाले, “परीक्षेला येईल तेवढं कर. बस खाली.” ती बसली.

त्या रात्री मी शोध घेतला. मुलीचे म्हणणे खरे होते. माणसाच्या जनुकसंचात, म्हणजे एका पेशीतील आनुवंशिक द्रव्याच्या एका पूर्ण प्रतीत, सुमारे ३१० कोटी जोड्या असतात. या जोड्या म्हणजे डीएनएच्या लिपीतील अक्षरेच समजा. कांद्याच्या जनुकसंचात अशा जोड्या सुमारे १६०० कोटी आहेत, आपल्या पाचपट! दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी फळ्यावर ते जुने वाक्य लिहिले, त्यावर काट मारली आणि त्या मुलीची क्षमा मागितली. मग तिनेच विचारले, “बाई, पण मग असं का?” या ‘का’ने मला पुढची काही वर्षे वाचायला लावले. त्या वाचनाचा वृत्तांत मी आज आपल्यापुढे ठेवते आहे.

त्या हिवाळ्यात आम्ही सिरपूर तलावाचे पाणी बाटलीत भरून आणले आणि प्रयोगशाळेतल्या जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. मुलांना त्यात दोन प्रकारचे जीव दिसले. एक गोलसर, पारदर्शक, झटक्याझटक्याने वर उसळणारा. त्याच्या पाठीशी धडधडणारे हृदय बाहेरून स्पष्ट दिसत होते. हा डॅफ्निया, पाण्यातली पिसू असे त्याला म्हणतात, पण पिसूशी त्याचे नाते नाही, तो कोळंबी-खेकड्यांच्या कवचधारी कुळातला. याच्याच पारदर्शक देहात रोगजंतूंना गिळणाऱ्या पेशी एली मेचनिकॉव्ह यांनी १८८४ साली पाहिल्या आणि त्या मार्गाने पुढे १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळवले. दुसरा जीव नासपतीच्या आकाराचा, डोक्याच्या मधोमध एकच डोळा असलेला, शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या वागवणारा. ग्रीक पुराणातील एकनेत्री राक्षसावरून त्याला सायक्लॉप्स हे नाव मिळाले. आकार मात्र जेमतेम मिलिमीटरभर.

सायक्लॉप्सचे नाव ऐकून येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना एक जुना शब्द आठवला असेल: नारू. आपल्या माळव्याच्या पश्चिमेकडील गावांत, राजस्थानात, गुजरातेत आणि महाराष्ट्रातही या रोगाने माणसे महिनोन्महिने अंथरुणाला खिळत. रोगी बावडीच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी, त्याच्या जखमेतून कृमीच्या अळ्या पाण्यात सुटत, सायक्लॉप्स त्या गिळी आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात सायक्लॉप्ससह अळ्याही जात. सायक्लॉप्सचा या रोगातील वाटा १८७० साली रशियन शास्त्रज्ञ अलेक्सेई फेडचेंको यांनी दाखवून दिला. उपाय मग साधाच निघाला: पाणी कापडाने गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करून हातपंप बसवणे, पाण्यात सायक्लॉप्सनाशक औषध टाकणे. भारतातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने आपला देश नारूमुक्त जाहीर केला. पाणी गाळून प्यावे हा आजीचा दंडक किती सार्थ होता, हे त्या दिवशी मुलांना सूक्ष्मदर्शकातून कळले.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. १९४८ साली आंद्रे ब्वाव्हँ आणि व्हाँद्रली दांपत्य या फ्रेंच शास्त्रज्ञांनी मोजमाप करून दाखवले की एका प्राण्याच्या निरनिराळ्या अवयवांतील पेशींत डीएनए सारख्याच प्रमाणात असतो आणि शुक्राणूत त्याच्या निम्मा. डीएनए हेच आनुवंशिकतेचे द्रव्य असावे, या मताला त्यामुळे मोठा आधार मिळाला. अपेक्षा अशी निर्माण झाली की, जीव जितका गुंतागुंतीचा तितकी त्याची ‘पोथी’ मोठी असणार. पण जसजशी मोजमापे वाढली, तसतशी ही अपेक्षा ढासळत गेली. काही सॅलमँडर आणि फुप्फुसमासे माणसाला कितीतरी मागे टाकून गेले. या कोड्याला १९७१ साली ‘सी-मूल्याचा विरोधाभास’ असे नाव पडले. म्हणजे मी वर्गात जे सांगत होते, ते शास्त्रज्ञांनी कित्येक दशकांपूर्वीच टाकून दिले होते.

या कोड्याची पहिली उकल अशी की, डीएनए म्हणजे सर्वस्वी जनुके नव्हेत. प्रथिनांची कृती सांगणारा भाग माणसाच्या डीएनएत जेमतेम दीड टक्का आहे. जवळजवळ निम्मा भाग मात्र एका वेगळ्याच रहिवाशाने व्यापलेला आहे. स्वतःच्या प्रती काढून किंवा जागा बदलून जनुकसंचात इकडून तिकडे जाणारे हे तुकडे. त्यांना ‘उड्या मारणारी जनुके’ म्हणतात. त्यांचा शोध बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्याच्या रंगीत दाण्यांवरून लावला. त्यांच्या म्हणण्यावर बराच काळ फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. १९८३ साली, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. एखाद्या वहीत धड्याबरोबर ‘हे वाक्य पुन्हा लिहा’ असाही मजकूर असावा आणि नक्कल करणाऱ्याने तोही इमानेइतबारे पुनःपुन्हा उतरवून घ्यावा, तशी ही वही धड्यांत भर न पडताही जाड होत जाते. कांद्याची वही जाड आहे; तिच्यातील धडे आपल्या पाचपट नाहीत.

आमच्या बाटलीतल्या दोन जीवांपैकी डॅफ्नियाची वही पातळ आहे: सुमारे २० कोटी जोड्या, म्हणजे माणसाच्या पंधराव्या हिश्शाच्या आसपास. २०११ साली ‘डॅफ्निया प्युलेक्स’ या जातीचा जनुकसंच ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात जवळजवळ ३१ हजार जनुके असल्याचे म्हटले होते. तोवर वाचल्या गेलेल्या कोणत्याही प्राण्यापेक्षा अधिक! माणसाची जनुके सुमारे २० हजार. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने प्रार्थनेनंतर सर्व शाळेला सांगितली. पण २०१७ साली त्याच जातीचा जनुकसंच अधिक काटेकोरपणे पुन्हा वाचला गेला आणि जनुकांची संख्या सुमारे १८ हजारांवर आली. मला पुन्हा एकदा मुलांसमोर उभे राहून दुरुस्ती करावी लागली. या वेळी चूक माझी नव्हती, पण दुरुस्ती सांगणे माझेच काम होते. आठवीतला एक मुलगा म्हणाला, “म्हणजे बाई, त्यांनीपण काट मारली!” विज्ञानाची याहून नेमकी व्याख्या मला तरी अजून सुचलेली नाही.

सायक्लॉप्सची गोष्ट याहून विलक्षण आहे. एका प्राण्याच्या सर्व पेशींत डीएनए सारखा, हा १९४८ चा नियम मी आताच सांगितला. त्या नियमाला अपवाद असल्याचे जीवशास्त्रज्ञांना त्याच्याही साठ वर्षे आधी दिसले होते. १८८७ साली थिओडोर बोव्हेरी यांनी घोड्याच्या आतड्यातील जंतात पाहिले की, भ्रूण वाढत असताना देहाच्या पेशी आपल्या गुणसूत्रांचा काही भाग टाकून देतात; ज्या पेशींतून पुढे अंडी वा शुक्राणू होणार, त्या मात्र तो जपून ठेवतात. १९५९ साली सिग्रिड बेअरमान या जर्मन संशोधिकेने सायक्लॉप्सच्या कुळातही हेच घडत असल्याचे दाखवले. अंड्याची पहिली काही विभाजने नेहमीसारखी होतात. मग एका ठराविक विभाजनाच्या वेळी देहाच्या वाट्याला आलेल्या पेशींत गुणसूत्रांचे मोठमोठे खंड कापले जातात, उरलेली टोके पुन्हा जुळतात आणि कापलेला भाग विरून जातो. पुढच्या पिढीच्या वाट्याच्या पेशींत मात्र सारा संच जसाच्या तसा राहतो.

किती भाग टाकला जातो, ते ऐका. उत्तर अमेरिकेतील सरोवरांत ‘मेसोसायक्लॉप्स एडॅक्स’ नावाची जात राहते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिच्या पुनरुत्पादक पेशींतील जनुकसंच सुमारे १५०० कोटी जोड्यांचा, तर देहपेशींतील सुमारे ३०० कोटींचा. म्हणजे पाचातले चार भाग देह बांधण्यापूर्वीच वगळले जातात. या कुळातील निरनिराळ्या जातींत पुनरुत्पादक पेशींचा संच १५०० कोटींपासून ७५०० कोटींपर्यंत जातो आणि काहींत नव्वद टक्क्यांहून अधिक भाग काढून टाकला जातो. मिलिमीटरभर देहाच्या या जीवाजवळ कांद्यालाही लाजवील एवढे मोठे बाड आहे. वगळलेल्या भागात काय असते, हेही त्या अभ्यासात तपासले गेले. तो बहुतांशी पुनरावृत्त मजकूर निघाला: उड्या मारणारी जनुके आणि त्यांच्यासारखे तुकडे. त्यांतही अलीकडच्या काळात फोफावलेले तुकडे अधिक.

असे का व्हावे? एक तर्क असा. पेशी दुभंगण्यापूर्वी तिला आपला सर्व डीएनए उतरवून काढावा लागतो. वही जाड असेल तर नक्कल करायला वेळ लागतो आणि पेशीचा आकारही मोठा होतो. ज्या डबक्याचे पाणी आटणार आहे, तेथे लवकर वाढून अंडी घालणे हिताचे. देहपेशींची वही पातळ केली की वाढ वेगाने होऊ शकेल. तर्क पटण्यासारखा आहे. पण तो अजून तर्कच आहे आणि मुलांना सांगताना मी हा शब्द गाळत नाही. मुलांना खरा प्रश्न दुसराच पडला: मुळात वही एवढी जाड होऊ दिली कोणी?

याचे एक सुंदर उत्तर आणखी एका कवचधारी कुळाने दिले. गोड्या पाण्यात राहणारे, आपल्या अंगणात कुंडीखाली सापडणाऱ्या लाकूडकिड्याचे नातलग असे ‘असेलिड’ नावाचे प्राणी युरोपात आहेत. त्यांच्या काही जाती ओढ्या-नाल्यांत, उजेडात राहतात. काही लाखो वर्षांपूर्वी जमिनीखालच्या पाण्यात शिरल्या आणि तेथेच आंधळ्या, रंगहीन झाल्या. हे स्थलांतर एकदाच नव्हे, अनेकदा, स्वतंत्रपणे घडले. फ्रान्समधील लियाँच्या संशोधकांनी अशी ११ स्थलांतरे निवडून २२ जातींची तुलना केली आणि २०१७ साली निष्कर्ष मांडले. भूगर्भातील जातींचा जनुकसंच सरासरीने २५ टक्क्यांनी मोठा भरला. देहाचा आकार किंवा वाढीचा वेग यांच्याशी या वाढीचा संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो लोकसंख्येशी. भूगर्भात अन्न थोडे, म्हणून तेथील प्राणीही थोडे. आणि जेथे समूह लहान, तेथे नैसर्गिक निवडीची चाळण ढिली पडते.

हा मुद्दा अवघड आहे, म्हणून आम्ही वर्गात तो नाण्यांनी करून पाहिला. एका मुलाने दहा वेळा नाणे उडवले तर सात वेळा छापा पडणे मुळीच नवलाचे नाही. साऱ्या वर्गाने मिळून हजार वेळा उडवले तर सातशे छापे पडत नाहीत. समूह लहान असला की योगायोगाचा जोर वाढतो. थोडासाच अपायकारक असा एखादा फालतू तुकडा जनुकसंचात शिरला, तर मोठ्या समूहात तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या चाळणीतून हळूहळू गळून जातो. लहान समूहात तो निव्वळ योगायोगाने टिकतो, आणि असे एकेक करत ओझे साचत जाते. मायकेल लिंच आणि जॉन कॉनरी यांनी हा विचार २००३ साली मांडला होता. त्याला या आंधळ्या जीवांनी पुष्टी दिली.

तरी हेच एकमेव उत्तर, असे मी म्हणणार नाही. सायबेरियातील बैकल हे १६४२ मीटर खोलीचे, जगातील सर्वांत खोल सरोवर. तेथील ‘अँफिपॉड’ कवचधाऱ्यांत जनुकसंचाचा आकार पाण्याच्या खोलीशी आणि देहाच्या आकारमानाशी निगडित असल्याचे दिसून आले आहे. म्हणजे एका कुळात देहाशी संबंध नाही, दुसऱ्यात आहे. निसर्ग एकाच साच्यातून सगळी उत्तरे काढत नाही, आणि आपणही एका वाक्यात सारे कोंबण्याचा मोह आवरावा. मी तो आवरला नव्हता, म्हणून मला काट मारावी लागली.

मंडळी, इथवर प्राण्यांविषयी बोलले. आता शाळेविषयी दोन शब्द बोलते, कारण येत्या महिन्यात आपल्यापुढे एक निर्णय आहे. येत्या जूनपासून आठवीपुढील विज्ञान इंग्रजीतून शिकवावे, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे आणि पालकांकडे मतपत्रिका जाणार आहेत. एकेकाळी आपल्याकडे पहिलीच्या दोन तुकड्या असत. आज एकच आहे आणि तीही पुरती भरत नाही, हे मी लपवणार नाही. एका पालकांनी मला भर सभेत विचारले, “बाई, हे सगळं विज्ञान सांगायला मराठीत शब्द तरी आहेत का?” आज मी पाऊण तास बोलले, शब्द आहेत की नाहीत, हे आपणच ठरवा. काही शब्द आपले आहेत, काही डॅफ्निया आणि डीएनएसारखे जगाकडून घेतलेले आहेत, आणि घेतलेल्या शब्दांनी भाषा उणी होत नाही.

पण प्रश्न शब्दांपुरता नाही, हेही मला ठाऊक आहे. कांद्याचा प्रश्न विचारणारी ती मुलगी दहावीनंतर इंग्रजी माध्यमाच्या विद्यालयात गेली. पुढच्या दिवाळीत ती भेटायला आली तेव्हा मी कौतुकाने विचारले, “तिथेही शिक्षकांना असेच प्रश्न विचारतेस ना?” ती म्हणाली, “नाही, बाई. सहा महिन्यांत एकही नाही विचारला. मनात येतो, पण इंग्रजीत जुळवेपर्यंत तास संपतो.”

या वाक्याने मला अनेक रात्री झोप लागली नाही. हे वाक्य दोन्ही बाजूंनी कापते. इंग्रजी माध्यम हवे म्हणणाऱ्या पालकांना त्यात आपले म्हणणे सापडेल: आम्ही तिला पुरेशी तयारी करून दिली नाही, आणि हा दोष माझा आहे. पण त्याचीच दुसरी बाजू पाहा. तो पहिला प्रश्न ती विचारू शकली, कारण तो ज्या भाषेत तिच्या मनात आला त्याच भाषेत तिला उभे राहता आले. आठवीत आपण भाषा बदलली असती, तर कदाचित तो प्रश्न मागच्या बाकावरच राहिला असता, आणि मी अजूनही ते चुकीचे वाक्य फळ्यावर लिहीत असते.

सायक्लॉप्सची उपमा शाळेला लावण्याचा मोह येथे होतो. ‘देहातले अनावश्यक टाका, पण पुढच्या पिढीचा वारसा राखा’ असे म्हणून टाळ्या घेता येतील. मी ती उपमा टाळते. सायक्लॉप्स काय ठेवावे याचा विचार करत नाही. आणि तो जे जपून पुढे देतो ते बहुतांशी ओझेच आहे, हे आपण आताच पाहिले. जुने ते सारे सोने, असा बोध त्यातून निघत नाही.

मला खरा इशारा दिसतो तो त्या भूगर्भातील आंधळ्या जीवांत. प्राणी आणि शाळा एक नव्हेत. तरीही लहान समूहाची अडचण आपण अनुभवाने जाणतो. आपण या शहरात थोडे आहोत आणि शाळेत त्याहून थोडे. थोडे असलो की आपसांत गोड बोलतो, एकमेकांच्या चुका चालवून घेतो, ‘आपलीच शाळा’ म्हणून दुर्लक्ष करतो. माझे चुकीचे वाक्य तीन वर्षे टिकले ते असेच. कोणी वाईट हेतूने नव्हे, केवळ कोणी चाळले नाही म्हणून. लहान शाळेला मोठ्या शाळेपेक्षा प्रश्न विचारणाऱ्यांची गरज अधिक असते.

म्हणून समितीपुढे मी माझे मत मांडले आहे आणि तेच येथे सांगते. विज्ञान शिकवण्याची आणि प्रश्न विचारण्याची भाषा मराठी राहावी. सहावीपासून प्रत्येक पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत शिकवावा, लिहून घ्यावा, परीक्षेत विचारावा. आणि आठवीपासून आठवड्याचा एक तास असा असावा की, मराठीत समजलेली गोष्ट मुलाने उभे राहून इंग्रजीत समजावून सांगावी, अडखळत का होईना. त्या तासाला प्रश्न विचारल्याखेरीज कोणी घरी जाऊ नये. ही व्यवस्था पुरेशी ठरेल, अशी हमी मी देत नाही. दोन वर्षांनी तिचे मोजमाप करू. उणी पडली तर मी स्वतः फळ्यावर जाऊन काट मारीन. मतपत्रिका भरताना आपण माझ्याविरुद्ध मत दिलेत तरी मला दुःख होणार नाही. न विचारता, केवळ शेजारच्यांनी पाठवले म्हणून मुलाला दुसरीकडे पाठवलेत, तर मात्र होईल.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एक मागणे आहे. देणगीविषयी अध्यक्ष महोदय बोलतीलच. मी मागते आहे ती आपली एक सकाळ. आपल्यापैकी कोणी डॉक्टर आहेत, कोणी अभियंते, कोणी शेती करतात, कोणी दुकान चालवतात. वर्षातून एकदा या आणि मागच्या बाकावर बसा. शिक्षकाचे वाक्य खटकले तर हात वर करा. आम्ही रागावणार नाही. मी तरी आता रागावत नाही.

प्रयोगशाळेतील तो जुना सूक्ष्मदर्शक आजही चालतो. बाहेर पडवीत तो मांडून ठेवला आहे आणि आज पहाटेच नववीच्या मुलांनी तलावाचे ताजे पाणी आणले आहे. जाताना प्रत्येकाने त्यात एकदा डोकावून पाहावे. डॅफ्नियाचे हृदय दिसेल. शेजारी उभी असलेली मुले तुम्हाला माहिती सांगतील. त्यांना एखादा तरी प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.